पाव भाजणारी आई आणि एक हरलेला खटला

“ही आई इथे कशाला आलीय?” आनेग्रेटने विचारलं.

तिच्यासमोर एका राजकीय भाषणाचा प्रिंटआउट होता आणि त्यातली अकरा वाक्यं तिने पिवळ्या हायलायटरने रंगवली होती. माझ्यासमोर त्याच भाषणाची दुसरी प्रत होती. तीच अकरा वाक्यं मी राखाडी रंगवली होती. शुक्रवारचे सकाळचे अकरा वाजले होते आणि बारापर्यंत रिपोर्ट जायचा होता.

आधी आमचं काम काय ते सांगते. फ्रँकफर्टच्या बोकेनहाइम भागात एका सायकलच्या दुकानावर आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. आम्ही भाषणं तपासतो. व्याकरण तपासत नाही. बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला कशाच्या जोरावर पटवू बघतोय, ते शोधतो. प्रत्येक वाक्याला एक रंग द्यायचा. भावनेला हात घालणारं वाक्य पिवळं. पुरावा देणारं हिरवं. समोरच्याच्या शंकेला उत्तर देणारं निळं. आणि नुसती माहिती असेल तर राखाडी. ती हिशेबात धरत नाहीत. याला आम्ही कोडिंग म्हणतो. कॉम्प्युटरच्या कोडिंगशी त्याचा काही संबंध नाही, हे माझ्या सासरच्यांना नऊ वर्षांत पटलेलं नाही. त्यांच्या लेखी मी आयटीतच आहे.

एक भाषण नेहमी दोघं रंगवतात, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांशी न बोलता. मग प्रती शेजारी ठेवायच्या. रंग जुळले तर ठीक. नाही जुळले तर सीनियर कोडरचं मत अंतिम. सीनियर मी होते. आनेग्रेट वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण कंपनीत नवी. आधी तीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलेली बाई. तिला गोड बोलता येत नाही आणि ती तसा प्रयत्नही करत नाही.

आमचा क्लायंट होता एका राज्याच्या विधानसभेतला आमदार. कुठलं राज्य ते सांगत नाही, आणि त्याला इथे हेर, म्हणजे श्रीयुत, टॅनबाख म्हणते, ते खरं नाव नाही. राज्याच्या घटनात्मक न्यायालयावर एक न्यायाधीश निवडायचा होता. इथे हे काम आमदार मतदानाने करतात. त्या राज्यात दोन-तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे एका पक्षाच्या जिवावर कुणी निवडून येत नाही. सहसा पक्षांचं आधीच आपसात ठरतं आणि सभागृहात कुणी भाषणबिषण करत नाही. या वेळी मात्र घोडं अडलं होतं. टॅनबाख यांच्या पक्षाने फ्राऊ, म्हणजे श्रीमती, एस. नावाच्या न्यायाधीशबाईंचं नाव पुढे केलं आणि विरोधक म्हणाले, ही तुमची बाई आहे, तुमचंच ऐकणार.

त्यावर टॅनबाख यांनी आपल्या गावच्या टाउन हॉलमध्ये भाषण केलं. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. आता पुढच्या गुरुवारी त्यांना विरोधी आमदारांच्या बैठकीत जाऊन बोलायची परवानगी मिळाली होती. संधी एकच. नाही पटलं तर पक्ष नाव मागे घेणार होता. मग ज्या बाईंनी वीस-बावीस वर्षं न्यायदान केलं, त्यांच्या नावापुढे ‘नाकारलेली’ हा शब्द कायमचा चिकटला असता. टॅनबाख यांचा प्रश्न आम्हाला एवढाच होता: हेच भाषण तिथे चालेल का?

आणि त्या भाषणात आई होती. फ्राऊ एस. यांची आई एका बेकरीत कामाला होती. पहाटे तीनला उठायची. शाळेच्या बक्षीस समारंभाला ती तशीच आली, हाताला पीठ लागलेलं, आणि मागच्या रांगेत उभी राहिली. मुलीने स्टेजवरून ते पांढरे हात पाहिले आणि त्या दिवशी ठरवलं की मी कायदा शिकणार. अकरा वाक्यं. खोटं कशाला बोलू, रेकॉर्डिंग ऐकताना माझे डोळे भरून आले होते.

“आई ही माहिती आहे,” मी आनेग्रेटला म्हणाले. “उमेदवाराची ओळख करून देतोय तो. ओळख राखाडी असते.”

“ओळख? जन्मगाव, शिक्षण, हुद्दा, ही ओळख. पिठाचे हात ही ओळख नाही.”

“माणूस कुठून आला ते सांगायला नको?”

“कोर्टात ही न्यायाधीश पाव भाजणार आहे का?”

मला राग आला. मी म्हणाले, “तुम्हा जर्मन लोकांना कुणाबद्दल चार शब्द चांगले बोलले की संशय येतो.” हे बोलायला नको होतं. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी सीनियर होते. अकरा वाक्यं राखाडी राहिली.

राखाडी हिशेबात धरत नाहीत, हे वर सांगितलंच. त्यामुळे उरलेल्या भाषणाचा ताळमेळ छान जुळला. मी रिपोर्टात लिहिलं: भाषण संतुलित आहे, मोठे बदल सुचवत नाही. खाली माझी सही. टॅनबाख यांचं एका ओळीचं उत्तर आलं. त्यांना आनंद झाला होता आणि गुरुवारी ते हेच भाषण जसंच्या तसं करणार होते.

शनिवार मजेत गेला. रविवारी दुपारी नेहमीप्रमाणे बाबांना व्हिडिओ कॉल केला.

माझे बाबा सांगलीच्या एका हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. वय त्र्याऐंशी. गावात त्यांची ख्याती मात्र वेगळीच. कुठलाही कार्यक्रम असो, पाहुण्यांचा परिचय करून द्यायला बाबाच लागत. गणेशोत्सवातलं व्याख्यान, बँकेचा वर्धापनदिन, रक्तदान शिबिर, सगळीकडे. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून पहिल्या रांगेत बसून शेकडो परिचय ऐकले आहेत. आपल्याकडे परिचय झाल्याशिवाय पाहुणा तोंड उघडत नाही, आणि परिचय म्हटला की कंदिलाखालचा अभ्यास आणि आईचे कष्ट आलेच. मग शाल आणि श्रीफळ. त्यात कुणाला काही खटकत नाही. कार्यक्रमाला चहा असतो तसा परिचय असतो.

मी बाबांना मोठ्या कौतुकाने भाषणातला तो भाग मराठीत करून सांगितला. म्हटलं, बघा, जर्मन माणूससुद्धा तुमच्यासारखा परिचय करून देतो.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हसले. “चांगला जमलाय. पण या गृहस्थांना त्या बाईंच्या कामाची काही माहिती नाही वाटतं.”

“असं का म्हणता?”

“अगं, ज्याचं काम मला ठाऊक असायचं, त्याच्या आईपर्यंत मी कशाला गेलो असतो? डॉक्टर देशमुख आले होते, आठवतंय? त्यांचं मी एकच सांगितलं. पुराच्या वेळी ट्रॅक्टरवर बसून बाळंतीण बघायला गेले होते. झाला परिचय. आणि ज्यांच्याबद्दल काही ठाऊक नसायचं, त्यांची आई हाताशी धरायची. आई सगळ्यांनाच असते. टाळ्या हमखास.”

“म्हणजे तुम्ही ते सगळं…”

“खोटं नाही गं सांगितलं कधी. विचारूनच घ्यायचो. पण माहिती म्हणून नाही सांगायचो. हॉल आपल्या बाजूला करायला सांगायचो.”

मी फोन ठेवला आणि बॅगेतून भाषण काढलं. डायनिंग टेबलावर बसून अकरा वाक्यं पिवळी केली. मग सगळं पुन्हा वाचलं. सेहेचाळीस वाक्यं होती. एकतीस पिवळी झाली. ज्यांना मी घाईत हिरवी केली होती त्यांत नुसती विशेषणं निघाली: निर्भीड, अनुभवी, नि:पक्षपाती. एकही निकाल नव्हता. एकही खटला नव्हता. ज्या बाईंनी आयुष्यभर निकाल लिहिले त्यांच्यावरच्या भाषणात त्यांनी लिहिलेलं एक वाक्य नव्हतं. आणि ‘ही तुमची बाई आहे’ या आक्षेपाला निळं उत्तर होतं ते पिठाच्या हातांचं. बेकरीतल्या बाईची मुलगी कुणाच्या दबावाखाली येईल का, म्हणे.

पस्तीस वर्षं जर्मन शिकतेय, शिकवतेय, वापरतेय. तरी कान सांगलीच्या पहिल्या रांगेतच बसलेला. मला स्वतःची लाज वाटली आणि थोडं हसूही आलं.

सोमवारी सकाळी बॉसच्या केबिनमध्ये गेले. टॉर्स्टेन आमचा बॉस. चांगला माणूस, पण बदल म्हटला की त्याच्या मानेवर लाल चट्टे येतात.

“शुक्रवारचा रिपोर्ट चुकलाय,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. आनेग्रेट बरोबर होती.”

“आल्झो… म्हणजे शुक्रवारी संतुलित आणि सोमवारी असंतुलित?”

“हो.”

“क्लायंट काय म्हणेल?”

“ओरडेल. पण गुरुवारी पडण्यापेक्षा सोमवारी ओरडलेला बरा.”

चट्टे वाढले, पण त्याने फोन माझ्याकडे सरकवला. आनेग्रेट दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून म्हटलं, “आई पिवळी आहे. आणि मी शुक्रवारी तुला जे बोलले ते चुकीचं होतं.”

“गेनाऊ,” ती म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर. दोन्ही गोष्टींवर तेवढं एकच उत्तर. पण दुपारी माझ्या टेबलावर तिच्या घरच्या प्लमकेकचा तुकडा ठेवलेला होता.

टॅनबाख ओरडले. “तुम्ही टाळ्या ऐकल्या नाहीत का?”

“ऐकल्या. मोजल्याही. त्या तुमच्याच लोकांच्या होत्या. त्यांची मतं तुम्हाला आधीच मिळालेली आहेत.”

पलीकडे डायरी उघडल्याचा आवाज. मग, “उद्या दहा वाजता या. माझ्याकडे पाऊण तास आहे.”

मंगळवारी मी आणि आनेग्रेट ट्रेनने गेलो. टॅनबाख यांचं ऑफिस विधानसभेच्या मागच्या इमारतीत होतं. साठीचे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. टेबलावर बुडबुड्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि लोणी लावलेले ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्या आकाराचे खारे पाव. मी रंगवलेलं भाषण त्यांच्यासमोर पसरलं. सगळं पिवळंधमक, हळदीचा कार्यक्रम झाल्यासारखं.

“हिरवं कुठे आहे?” त्यांनी विचारलं. रिपोर्ट त्यांनी वाचला होता तर.

“तेच विचारायला आलोय,” मी म्हणाले. “तुम्ही फ्राऊ एस. यांचा एखादा निकाल वाचलाय का?”

मला वाटलं होतं ते गडबडतील. बाबांचं निदान मी डोक्यात पक्कं धरून गेले होते: या गृहस्थांना बाईंचं काम माहीत नाही.

“एक वाचलाय,” ते म्हणाले. “तीनदा वाचलाय.”

“कुठला?”

त्यांनी ब्रेत्सेलची बशी थोडी बाजूला सरकवली.

गोष्ट अशी होती. काही वर्षांपूर्वी एका गावातला नदीवरचा पूल सरकारने अचानक बंद केला. गावातल्या एका निवृत्त पोस्टमनने मंत्रालयाकडे कागद मागितले: पूल का बंद केला, कुणी तपासला, काय लिहिलं. मंत्रालयाने कागद द्यायला नकार दिला. पोस्टमन कोर्टात गेला. सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं जे कोर्ट असतं, तिथे फ्राऊ एस. न्यायाधीश होत्या. त्यांनी निकाल दिला की कागद दाखवा; नागरिकाला रोज वळसा घालून जायला लावता, तर कारणही त्याला कळलं पाहिजे.

“तेव्हा मंत्रालय कुणाकडे होतं?” आनेग्रेटने विचारलं.

“आमच्याकडे.”

“आणि नकाराचं पत्र?”

“मी सही केली होती. मी तेव्हा मंत्र्यांच्या हाताखाली होतो.”

खाली रस्त्यावर ट्रामची घंटा वाजली.

“म्हणजे तुम्ही त्यांच्यासमोर हरलात,” मी म्हणाले.

“हो. साफ हरलो. पहिल्यांदा वाचला तेव्हा संतापून वाचला. दुसऱ्यांदा चुका काढायला वाचला. तिसऱ्यांदा वाचल्यावर अपील करायचं नाही असं मंत्र्यांना सांगितलं. एकही शब्द आमचा अपमान करणारा नव्हता. आमची बाजू त्यांनी आमच्या वकिलापेक्षा चांगली मांडली होती. आणि मग ती का टिकत नाही ते सांगितलं.”

“तरी तुम्ही त्यांना पाठिंबा देताय?”

“तरी नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच देतोय. आमच्या पक्षात त्यांचं नाव मीच सुचवलं.”

आनेग्रेटने पेन खाली ठेवलं. मी टॅनबाख यांच्याकडे बघत राहिले. बाबांचा अंदाज अर्धाच खरा निघाला होता. या माणसाला बाईंचं काम माहीत होतं, चांगलंच माहीत होतं. आणि तरी तो आईमागे जाऊन उभा राहिला होता.

“मग हे भाषणात का नाही?”

“कारण त्यात मी मूर्ख दिसतो.”

“विरोधक म्हणतात ही तुमची बाई आहे. याच्याइतकं चांगलं उत्तर तुमच्याकडे दुसरं आहे का?”

“फ्राऊ जोशी, राजकारणात माणूस आपला पराभव स्वतःहून सांगत नाही.”

“आम्ही तुमचं राजकारण तपासत नाही,” आनेग्रेट तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली. “भाषण तपासतो. या भाषणात एक हिरवं वाक्य हवंय. ते तुमच्या खिशात आहे. काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

पाऊण तास संपला होता. ते दारापर्यंत सोडायला आले, हात मिळवला, आणि काहीच कबूल केलं नाही. परतीच्या ट्रेनमध्ये मला मनातून धास्ती होती. आधी चुकीचा रिपोर्ट दिला, आणि आता माणसाला भर बैठकीत स्वतःची फजिती सांगायला सांगून आले. उलटलं असतं तर दोन्ही पापं माझ्याच खात्यावर.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या ऑफिसमधून ऑडिओ फाइल आली. बैठक बंद दाराआडची होती, पण यजमानांच्या परवानगीने त्यांनी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. सोबत मजकूर काहीच नाही. मी आणि आनेग्रेटने नियमाप्रमाणे वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन ऐकायला हवं होतं. आम्ही एकाच लॅपटॉपपुढे बसलो. टॉर्स्टेनसुद्धा मागे येऊन उभा राहिला.

भाषण सात मिनिटांचं होतं. आधीचं पंधरा मिनिटांचं होतं. सुरुवात अशी: “तुम्ही म्हणता, या बाई आमच्या आहेत. त्या माझ्या किती आहेत ते सांगतो.” आणि मग पूल, पोस्टमन, नकाराचं पत्र, त्याखालची सही. कुणाची सही ते सांगताना त्यांचा आवाज किंचित घसरला. त्यांनी तो सावरून घेतला नाही. निकालातली दोन वाक्यं वाचून दाखवली. तिसऱ्या वाचनानंतर अपील का केलं नाही तेही सांगितलं.

टाळी एकही नाही. खोकला नाही. मी घड्याळ लावून मोजलं, नऊ सेकंद नुसती शांतता.

मग लांबून एका बाईचा आवाज आला, थोडा रुक्ष: “निकालाचा नंबर काय?”

इथे प्रत्येक खटल्याला फाइल नंबर असतो. आकडे, तिरपी रेघ, परत आकडे. टॅनबाख यांनी तो तोंडपाठ सांगितला. कागद चाळल्याचा आवाजही नाही. आणि मग रेकॉर्डिंगमध्ये खरखर ऐकू आली. पेनांची. ती मंडळी तो नंबर लिहून घेत होती.

आनेग्रेटने माझ्या दंडावर हात ठेवला. नऊ वर्षांत जर्मन सहकाऱ्याने मला इतक्या आपलेपणाने हात लावल्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्या आठवड्यात गुप्त मतदान झालं. फ्राऊ एस. निवडून आल्या, लागत होती त्यापेक्षा चार मतं जास्त घेऊन. टॅनबाख यांचा फोन आला. आभार वगैरे मानले, मग म्हणाले, “एक तक्रार आहे. पोस्टमनने निवडीबद्दल वर्तमानपत्रात वाचलं. त्याने पत्र पाठवलंय. पूल अजून बंद आहे म्हणतो.” पुढच्याच आठवड्यात ते त्याला भेटायला जाणार होते.

ऑफिसात एक बदल झाला. मतभेद झाला तर सीनियरचं मत अंतिम, हा नियम आम्ही काढून टाकला. आता दोघांचे रंग रिपोर्टात शेजारी शेजारी जातात आणि क्लायंट विचारतो, हे वेगळं का? तिथूनच खरं काम सुरू होतं. सूचना माझीच होती. टॉर्स्टेनच्या मानेवर पुन्हा चट्टे आले, पण आता तो प्रत्येक नव्या क्लायंटला ही आमची खासियत म्हणून सांगतो.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पूल आणि पोस्टमनची गोष्ट दोनदा सांगायला लावली.

“टाळ्या किती पडल्या?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही.”

“मग परिचय उत्तम झाला,” बाबा म्हणाले. “आणि आई? आईला काढूनच टाकलं का गं?”

“नाही बाबा. शेवटचं एक वाक्य आईचं ठेवलंय. निवड झाली तर मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आईला या वेळी पुढे बसवा, एवढंच.”

ते भाषण नंतर कागदावर उतरवून आम्ही रंगवलं, तेव्हा मी ते वाक्य पिवळं केलं होतं. आनेग्रेटनेही. कागद शेजारी ठेवल्यावर तिने चष्मा काढला, पुसला, आणि मला म्हणाली, “हे मात्र चालेल.”